काटारीनाबाई लूथर यांचा संसार

मार्टिन लूथर यांचें नांव आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. १५१७ सालीं त्यांनीं पापक्षमेच्या चिठ्ठ्यांविरुद्ध ९५ कलमें लिहिलीं, पुढें पवित्र शास्त्र जर्मन लोकांच्या बोलीत आणलें, हें शाळेंत शिकविलें जातें. परंतु हे थोर पुरुष २० वर्षांहून अधिक काळ ज्या घरीं जेवले, निजले, आजारी पडले व बरे झाले, तें घर कोण चालवीत होतें असें विचारलें तर पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. म्हणून आज आम्ही त्यांच्या पत्नी काटारीनाबाई यांचा वृत्तान्त सांगण्याचें योजिलें आहे. ज्या भगिनींस वाचतां येत नाहीं त्यांस घरच्या कोणीं तरी तो वाचून दाखवावा, कारण हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठींच आहे.

काटारीना फॉन बोरा हिचा जन्म १४९९ सालीं जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत झाला. घराणें सरदारांचें, पण पैसा संपलेलें. मुलगी पांच-सहा वर्षांची असतांनाच वडिलांनीं तिला मठांतील शाळेंत ठेविलें, व नंतर निम्बशेन येथील मठांत पाठविलें. १५१५ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, तिनें जन्मभर अविवाहित राहण्याची शपथ घेतली. तिला दुसरी वाट कोणीं दाखविलीच नव्हती. मठांत ती वाचावयास शिकली, थोडें लॅटिन शिकली, आणि मोठ्या घराची व्यवस्था कशी ठेवितात तेंही तिनें तेथेंच पाहिलें असावें.

लूथर यांचीं पुस्तकें मठांच्या भिंतींच्या आंतही जाऊन पोहोंचलीं. १५२३ सालीं ईस्टर सणाच्या आदल्या रात्रीं बारा मठवासिनी निम्बशेनहून पळाल्या. टोरगाव येथील लेओनहार्ड कोपे नांवाचा व्यापारी त्या मठास माल पुरवीत असे. त्यानें त्यांस आपल्या गाडींत घातलें. खारविलेल्या माशांच्या पिंपांत लपवून त्यांस आणलें असें लोक आवडीनें सांगतात, पण त्यास भक्कम आधार नाहीं. भक्कम आहे तें हें, कीं त्या काळच्या कायद्याप्रमाणें मठवासिनीस पळवून नेणाऱ्यास देहान्त शासन होतें. बारांपैकीं तिघी आपल्या माणसांकडे गेल्या. उरलेल्या नऊ जणी विटेनबर्ग येथें लूथर यांच्या दारीं आल्या, आणि त्यांत काटारीना होती. जवळ पैसा नाहीं, माहेरचा आधार नाहीं, अंगावरचे कपडेही मठाचे. विश्वासासाठीं आप्तांनीं घराबाहेर काढलेल्या आमच्या वाचकांस ही स्थिति समजावून सांगावयास नको.

लूथर यांनीं एकेकीची सोय लावून दिली. काटारीना चित्रकार लूकास क्रानाख यांच्या घरीं राहिली, व क्रानाख यांच्या पत्नी बार्बारा यांच्याशीं तिचा जो स्नेह जडला तो जन्मभर टिकला. न्यूरेंबर्गच्या एका तरुणाशीं तिचें लग्न जमत होतें, पण मठांतून पळालेली सून त्याच्या घरच्यांस नको होती. मग ग्लाट्स नांवाच्या एका वयस्क पाळकाचें स्थळ आलें. तेव्हां तिनें लूथर यांचे स्नेही आम्सडोर्फ यांस स्पष्ट कळविलें कीं ग्लाट्स यांच्याशीं आपण लग्न करणार नाहीं. आम्सडोर्फ किंवा लूथर यांनीं मागणी घातली तर मात्र नकार देणार नाहीं. असें बोलणें त्या देशांतही धिटाईचेंच समजत, तरी आम्हांस त्यांत उर्मटपणा दिसत नाहीं. आपणांस काय पेलेल हें जाणणाऱ्या बाईचें तें बोलणें आहे. १३ जून १५२५ रोजीं लूथर यांच्याशीं तिचा विवाह झाला. वर ४१ वर्षांचे, वधू २६ वर्षांची. त्याच सालीं शेतकऱ्यांच्या बंडांत देशभर रक्त सांडत होतें, व खुद्द मेलांख्थॉन यांसही हें लग्न अवेळीं झालें असें वाटलें.

ज्या घरांत काटारीनाबाई आल्या तें घर म्हणजे लूथर पूर्वीं जेथें संन्यस्त म्हणून राहत तोच ओसाड पडलेला मठ. लग्नापूर्वीं वर्षभर लूथर यांचें गवताचें अंथरूण कोणीं झाडलें नव्हतें, घामानें तें कुजत चाललें होतें, आणि दिवसभर काम करून थकलेले लूथर तसेच त्यावर पडत. त्यांस वर्षाचे सुमारे २०० गुल्डन वेतन मिळे. पुस्तकांबद्दल ते छापणारांकडून एक पैही घेत नसत. शिवाय हात असा सैल, कीं मागावयास आलेला रिकामा जात नसे, व नाहीं त्याला ते जामीन राहत. शेवटीं १५२७ सालीं क्रानाख यांच्यासारख्या स्नेह्यांनींच त्यांची जामीनकी घेण्याचें बंद केलें. लग्नाच्या वेळीं माइन्झच्या आर्चबिशपाकडून २० गुल्डनांची भेट आली. पापक्षमेच्या चिठ्ठ्यांचा व्यापार ज्याच्या आश्रयानें चालला होता तोच हा गृहस्थ. लूथर यांनीं ती भेट परत करण्यास सांगितलें. काटारीनाबाईंनीं ती ठेवून घेतली. कोणी म्हणेल त्यांनीं पतीचें ऐकावयास पाहिजे होतें. पण घरांत भांडीं नाहींत, अंथरुणें नाहींत, आणि पाहुणे तर दारांत उभे, हेंही न्याय करणारानें ध्यानांत घ्यावें.

मग त्या कामास लागल्या. पहाटे चार वाजतां उठत. बागेंत भाजी लावली, फळझाडें लावलीं, तळ्यांत मासे वाढविले. गायी, डुकरें, कोंबड्या व बदकें पाळलीं. मठास बीअर गाळण्याचा हक्क होता, तोही त्यांनीं चालविला. आमच्या मंडळ्यांत मद्यत्यागाची शपथ घेतलेले पुष्कळ आहेत, त्यांनीं एवढें समजून घ्यावें कीं त्या देशांत त्या काळीं बीअर ही घरोघरच्या जेवणांतली नित्याची वस्तु होती. आम्ही कोणास तो कित्ता गिरविण्यास सांगत नाहीं. १५४० सालीं त्यांनीं आपल्या भावाची झ्यूल्सडोर्फ येथील शेती मिळविली. विटेनबर्गहून तेथें जावयास दोन दिवस लागत, तरी त्या स्वतः जाऊन पेरणी व कापणी पाहत. लूथर चेष्टेनें त्यांस पत्रांतून धनी म्हणून संबोधीत. चेष्टेंत पुष्कळ सत्य होतें.

हें सर्व कोणासाठीं? मेजाभोंवतीं बसणाऱ्यांसाठीं. त्या काळच्या चालीप्रमाणें मुख्य जेवण सकाळीं दहाच्या सुमारास व दुसरें सायंकाळीं पांचच्या सुमारास होई. पंगतीस तीस-चाळीस माणसें असणें ही नेहमींची गोष्ट. स्वतःचीं सहा मुलें झालीं: हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पौल व मार्गारेटे. त्यांच्याबरोबर लूथर यांच्या मृत बहिणींचीं पोरकीं मुलें, काटारीनाबाईंची वृद्ध आत्या लेने, चाकरमाणसें, आणि पैसे भरून राहणारे विद्यार्थी. या विद्यार्थ्यांच्या पैशावर घराचा पुष्कळसा खर्च चाले. जेवतां जेवतां लूथर जें बोलत तें विद्यार्थी वह्यांत उतरून घेत, आणि त्या टिपणांचा मोठा ग्रंथ १५६६ सालीं छापून निघाला. तो आजही वाचला जातो. काटारीनाबाई त्याच मेजाशीं बसत, मधून बोलतही. आणि एकदां तर त्यांनीं थट्टेनें सुचविलें कीं या मुलांस फुकट शिकवूं नये. कित्येक विद्यार्थ्यांस त्या कडक व पैशाला चिकट वाटत. आम्ही या तक्रारींस फारसें महत्त्व देत नाहीं. चाळीस ताटें रोज दोनदां वाढणारी बाई हिशेब ठेवणार नाहीं तर कोण ठेवील? ज्यांनीं लूथर यांचा शब्दन् शब्द टिपला त्यांनीं त्या दिवशीं डाळ कोणीं शिजविली हें टिपलें नाहीं, इतकेंच.

पाहुणेही नाना तऱ्हेचे. लग्नाला कांहीं आठवडेही झाले नव्हते तोंच, लूथर यांच्याशीं कडाक्याचें वैर असलेले कार्लस्टाट जीव वाचविण्यासाठीं पळत आले व त्याच घरांत लपून राहिले. नवी नवरी, घर अजून लागलें नाहीं, आणि पहिल्याच पाहुण्यांत नवऱ्याचा विरोधक! १५३७ सालीं ब्रांडेनबर्गच्या राजघराण्यांतील आजारी एलिझाबेथबाई कित्येक महिने येऊन राहिल्या. सुधारलेल्या मताचा स्वीकार केल्यामुळें त्यांस पूर्वीं आपला नवरा सोडून पळावें लागलें होतें. एका राजपुत्रास तर लूथर यांच्या घरीं न उतरण्याचा सल्ला मिळाला, कारण तेथें मुलें, विद्यार्थी, विधवा व म्हाताऱ्या यांची एवढी गर्दी, कीं निवांतपणा म्हणून मिळावयाचा नाहीं.

१५२७ सालीं विटेनबर्गांत प्लेग आला. विद्यापीठ येना येथें गेलें. लूथर रोग्यांसाठीं मागें राहिले, व त्यांच्याबरोबर काटारीनाबाई. त्या वेळीं त्या गरोदर होत्या आणि हान्स दीड वर्षाचाही नव्हता. घराचें रुग्णालय झालें. गांवचे पाळक बुगेनहागेन यांची बहीण त्या साथींत बाळंतपणांत गेली, तेव्हां बुगेनहागेन यांचें कुटुंब याच घरीं येऊन राहिलें. डिसेंबरांत एलिझाबेथ जन्मली. तें मूल आठ महिनेही जगलें नाहीं.

इतक्या माणसांच्या गर्दींत बाईमाणसाला मन मोकळें करावयास एखादी जिवाची मैत्रीण लागते. काटारीनाबाईंस बार्बारा क्रानाख होत्या, आणि लूथर यांचे सहकारी युस्टुस योनास यांच्या पत्नी, त्यांचेंही नांव काटारीनाच. १५४० सालीं बार्बाराबाई वारल्या. त्याच सालीं गर्भपातानंतर काटारीनाबाई स्वतः मरणाच्या दारीं जाऊन आल्या. १५४२ च्या सप्टेंबरांत तेरा वर्षांची माग्दालेना तापानें पडली. बहिणीची ओढ म्हणून टोरगाव येथें शिकत असलेल्या हान्सला बोलावून आणलें. मुलीनें बापाच्या हातांत प्राण सोडला. आई त्याच खोलींत होती, पण दुःखानें तिला बिछान्याजवळ जाववेना. तीन महिने गेले आणि डिसेंबरांत योनासबाईही गेल्या. याही दिवसांत पंगत उठली नाहीं. शिजवून घालणें भागच होतें.

आमच्या खेड्यांतील उपदेशकांच्या पत्नी नेहमीं म्हणतात कीं चूल, मुलें व पाहुणे यांतून शास्त्र वाचावयास वेळ मिळत नाहीं. काटारीनाबाईंचीही हीच अडचण होती. १५३५ सालीं लूथर यांनीं त्यांस सांगितलें कीं येत्या ईस्टर सणापर्यंत सर्व शास्त्र वाचून संपविलें तर ५० गुल्डन देईन. त्यांनीं तें नेटानें वाचावयास घेतलें होतें, हें लूथर यांनींच एका मित्रास कळविलें आहे. वेतनाच्या चौथ्या हिश्शाएवढें बक्षीस लूथर कोठून देणार होते, याचा विचार मात्र काटारीनाबाईंसच करावा लागला असता.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजीं लूथर आपल्या जन्मगांवीं, आइसलेबेन येथें, मरण पावले. काटारीनाबाई जवळ नव्हत्या. लूथर यांनीं १५४२ सालींच मृत्युपत्र करून सर्व कांहीं पत्नीच्या स्वाधीन केलें होतें व मुलांची पालक म्हणून तिलाच नेमिलें होतें. आईहून चांगली पालक मुलांस मिळणार नाहीं, ही त्यांची खात्री. पण सॅक्सनीच्या कायद्यांत विधवेस असा अधिकार नव्हता, आणि मृत्युपत्र कायद्याच्या रीतीनें केलेलेंही नव्हतें. राज्याचे वृद्ध मंत्री ब्रुक यांचें मत पडलें कीं मोठें घर मोडावें व मुलगे निरनिराळ्या ठिकाणीं शिकावयास ठेवावे. ज्या मेजावर अर्ध्या जर्मनीनें भाकर खाल्ली तें मेज आतां उठणार असें दिसूं लागलें. काटारीनाबाई हटल्या नाहींत. अर्ज केले, स्नेह्यांकडून रदबदली करविली; शेवटीं सॅक्सनीचे अधिपति योहान फ्रीडरिख यांनीं मृत्युपत्र मान्य केलें. मुलें आईपाशीं राहिलीं.

पण वर्ष संपण्यापूर्वींच युद्ध पेटलें. मुलांस घेऊन त्या माग्देबुर्गास पळाल्या, परत आल्या, १५४७ सालीं पुन्हां ब्राउनश्वाइग येथें पळाल्या. परत येऊन पाहतात तों शेतें तुडविलेलीं, गुरें नाहींशीं, गोठे जळालेले; आणि पाठीराखे अधिपति शत्रूच्या कैदेंत. त्यांनीं कर्ज काढलें व पुन्हां विद्यार्थी जेवावयास ठेविले. पूर्वींच्या जेवणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस या घराची आठवण राहिली. बुगेनहागेन यांस राहिली. प्लेगाच्या दिवसांत ज्या छपराखालीं त्यांचें कुटुंब राहिलें तें ते विसरले नाहींत, आणि विधवेसाठीं त्यांनीं डेन्मार्कचे राजे तिसरे ख्रिश्चन यांस पत्रें लिहिलीं.

१५५२ सालीं विटेनबर्गांत पुन्हां प्लेग आला. पौल व मार्गारेटे यांस गाडींत घालून काटारीनाबाई टोरगावास निघाल्या. वाटेंत घोडे उधळले. मुलें वांचवावीं म्हणून त्या गाडींतून उतरावयास गेल्या व पाण्यानें भरलेल्या थंड खड्ड्यांत पडल्या. तीन महिने अंथरुणावर काढून २० डिसेंबर १५५२ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्या प्रभूकडे गेल्या. ज्या कोपेनें मठांतून गाडी हांकून त्यांस बाहेर आणलें होतें, त्याच्याच गांवीं, सेंट मेरीच्या देवळांत, त्यांस मातीं दिली. तेथील शिळेवर त्यांची उभी मूर्ति कोरलेली असून हातांत ग्रंथ आहे.