हाफकिन आणि मुलकोवालची बाटली

बेळगावात टिळकवाडीला ‘व्हॅक्सिन डेपो’ नावाचे झाडीचे मोठे आवार आहे. सकाळी तेथे फिरायला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्या नावाचा अर्थ विचारावासा वाटतो. एके काळी तेथे देवीची लस तयार होत असे. माझेही लक्ष त्या नावाकडे गेले ते 2021 साली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात होतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे घरोघर जाऊन लस घेण्याविषयी सांगण्याचे काम आमच्याकडे होते. चार गल्ल्यांतील लोकांना मी पटवले, पण घरातल्या आजीला काही पटवता आले नाही. प्लेगात सरकारची माणसे घरात शिरून दुखणेकऱ्याला उचलून नेत, हे तिने वडीलधाऱ्यांकडून ऐकले होते. सरकार आपण होऊन दारात आणून देते ते घ्यावे की नाही, याचा दहादा विचार करावा, असे तिचे म्हणणे. मी आवाज चढवला. ती गप्प बसली. वाद मी जिंकला. लस मात्र तिने घेतली नाही.

त्या प्लेगाविषयी वाचता वाचता मला वाल्डेमार हाफकिन भेटले. परळच्या संस्थेमुळे नाव सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यावर काय गुदरले ते मला तरी ठाऊक नव्हते.

हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात ते मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. झारशाहीविरुद्धच्या क्रांतिकारक मंडळींशी संबंध आल्याने त्यांना अटकही झाली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. 1888 मध्ये ते जिनीव्हाला व पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. तेथे रिकामी होती ती सहायक ग्रंथपालाची जागा. तीच त्यांनी पत्करली आणि उरलेल्या वेळात पटकीच्या जंतूंवर काम केले. 18 जुलै 1892 रोजी पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली.

1893 मध्ये ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या बस्त्यांत त्यांच्यावर दगड पडल्याचे सांगतात. पण त्यांच्याबरोबरच्या हिंदी डॉक्टरांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि मग लोक पुढे येऊ लागले. सक्ती त्यांना नकोच होती. ज्याला हवी त्याला टोचायचे, ज्याला नको त्याला सोडायचे आणि दोघांचे पुढे काय होते ते मोजायचे, ही त्यांची रीत.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. व्हिएगस यांनी ओळखले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली व व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. शहरात त्या वेळी काय काय उठले होते! इस्पितळात नेलेल्या माणसाची मोमियाई काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून सरकार सूड घेते आहे, अशा वावड्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. याला निव्वळ अडाणीपणा म्हणून हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 1897 मध्ये पुण्यात गोऱ्या शिपायांनी जी घरझडती चालवली, तिचा शेवट 22 जून रोजी रँडसाहेबाच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. वावडी खोटी होती, पण जुलूम खरा होता. लोकांनी दोन्हींची एकच मोट बांधली आणि लसही तिच्यातच गेली.

लस तयार होण्याची रीत मोठी मौजेची आहे. मांसाच्या रसात प्लेगाचे जंतू वाढवीत आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतूंच्या लोंब्या खाली लोंबत. मग तापवून जंतू मारायचे. मांस गाईचे किंवा डुकराचे नको म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे घेतले, आणि पुढे शाकाहारी लोकांसाठी गव्हावर आधारलेला रसही केला. लोक काय विचारतील हे या परक्या माणसाने आधीच विचारात घेतले होते.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी हीही लस स्वतःला टोचून घेतली, आणि तीही इतरांना द्यायच्या मात्रेहून कितीतरी अधिक. ताप भरला, तरी ते काम करीत राहिले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जवळजवळ निम्मे कैदी आपखुशीने पुढे आले. आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतले व प्रयोगशाळेला आपली जागा दिली. 1898 मध्ये आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडात हजारोंनी टोचून घेतले. वाचकांना मी विशेष सांगेन ते बडोद्याजवळच्या उंधेरा गावाचे. तेथे प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली होती. पुढे 28 घरांत प्लेग आला. त्या घरांतील न टोचलेल्या 64 जणांपैकी 26 दगावले. टोचलेल्या 71 पैकी 3. छप्पर एकच, चूल एकच. हा आकडा मी चार दिवस खिशात घेऊन फिरत होतो. आता तर कोणाला वाद घालायला जागाच उरली नाही, असे मला वाटत होते.

मग मुलकोवाल वाचले.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातील मुलकोवाल गावी 107 जणांना लस टोचली. त्यांतील 19 जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही मेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली. सरकारने चौकशी मंडळ नेमले. हाफकिन यांनी लशीत कार्बोलिक घालणे बंद करून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती. त्यावरून दोष परळच्या प्रयोगशाळेतच शिरला, असा ठपका आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आणि 1904 मध्ये ते इंग्लंडला गेले. ज्या सरकारसाठी लोकांच्या संशयाशी ते झगडले, त्याच सरकारच्या संशयाला आता ते पात्र ठरले होते. येथे संशय घेणारे बस्तीतले नव्हते, चांगले शिकलेसवरलेले होते.

वास्तविक त्या दिवशी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि मदतनिसाने तो नीट जंतुरहित न करताच वापरला होता. ही साक्ष कागदोपत्री होती. रोनाल्ड रॉस यांनी ती उचलून धरली. धनुर्वाताचे जंतू बाटलीत फार दिवस वाढत असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी काही नोंद नव्हती. जुलै 1907 मध्ये रॉस व इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’ मध्ये पत्र दिले आणि नोव्हेंबरात हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षे गेली होती. कलकत्त्यास त्यांना पुन्हा नेमले ते अशा प्रयोगशाळेत, की जेथे लस बनवण्याची सोयच नव्हती. साधारण सात वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात परतले. परळच्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये त्यांचे नाव मिळाले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी लोझान येथे ते वारले. लग्न त्यांनी केले नव्हते. संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी ठेवली.

ही सारी हकीकत मी एका संध्याकाळी आजीला सांगितली. मुलकोवालचे एकोणीस गाळून टाकावेत, असा मोह मला झाला होता. ते सांगितले नसते तर गोष्ट किती सोपी झाली असती! पण सांगितले. चिमट्यापाशी ती थांबली, मुलांची नावे वगैरे कुठे लिहून ठेवली आहेत का, असे तिने विचारले. मग बकऱ्याच्या रसाकडे परत गेली. त्या माणसाने कशात वाढवली ते सांगितलेस, आता ही तुमची लस कशात वाढवतात ते सांग, असे तिने मला विचारले. चार गल्ल्या फिरलो होतो, तरी मला ते माहीत नव्हते. त्या रात्री ते शोधत बसावे लागले.