मज्जातंतूंचा चितारी: डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर

एखाद्या मनुष्याचे तोंड एकाएकी वाकडे झाले, डोळा मिटेनासा झाला किंवा जीभ अडखळू लागली, म्हणजे आपल्या खेड्यांत लोक म्हणतात की अंगावरून वारे गेले. मग कोणी अंगारा लावितो, कोणी गंडा बांधितो, आणि मोलाचे दिवस व्यर्थ जातात. कानडी व मराठी ह्या दोन्ही भाषा जेथे शेजारी नांदतात त्या मैंदर्गीपासून थेट कोकणच्या किनाऱ्यापर्यंत ही समजूत आढळते. परंतु ह्या वाऱ्याच्या मुळाशी बहुधा मेंदू किंवा त्यातून निघणारे बारीक मज्जातंतू असतात. ते तंतू विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे स्पष्ट मांडणारा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात तीस वर्षे राहिला व येथील रोग्यांची सेवा करून गेला. त्याचे चरित्र आज आम्ही आपणापुढे ठेवीत आहो.

हेन्री व्हँडाइक कार्टर ह्यांचा जन्म इ. स. १८३१ च्या मे महिन्यात इंग्लंडातील हल ह्या बंदराच्या शहरी झाला. त्यांचे वडील चित्रकार होते, आणि मुलास मधले नाव मिळाले तेही एका थोर चित्रकाराचे. घरातच रेखाटण्याचे शिक्षण मिळाले. पुढे ते लंडनला जाऊन सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यक शिकू लागले. घर धार्मिक वळणाचे होते, आणि कार्टर हे आपल्या रोजनिशीत स्वतःच्या आळसाचा, शंकांचा व श्रमांचा कठोर हिशेब मांडीत असत. गरिबीची झळही त्यांस लागली होती.

त्याच रुग्णालयात हेन्री ग्रे नावाचे तरुण व हुशार शरीरशास्त्रज्ञ होते. विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असे शरीररचनेचे पुस्तक काढावे असे त्यांच्या मनात आले. मजकूर ग्रे ह्यांनी लिहावा व चित्रे कार्टर ह्यांनी काढावी असे ठरले. इ. स. १८५६ व १८५७ ह्या सालांत दोघांनी मिळून प्रेते फाडली, प्रत्येक हाड, स्नायू, रक्तवाहिनी व मज्जातंतू उघडा करून पाहिला, आणि कार्टर ह्यांनी तो लाकडी ठशावर उलटा रेखाटला. कारण ठशावर उलटे असते तेच कागदावर सुलटे उमटते. त्या प्रेतांविषयी एक गोष्ट विसरता येत नाही. इ. स. १८३२ च्या कायद्यान्वये दरिद्री लोकांच्या आश्रयगृहांत मेलेल्या, ज्यांस कोणी वाली नाही अशा मनुष्यांची शरीरे शिक्षणासाठी दिली जात. ज्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत अशा गरिबांनी मेल्यावर जगभरच्या वैद्यांस शिकविले.

कार्टर ह्यांच्या चित्रांत एक विशेष होता. पूर्वीच्या पुष्कळ ग्रंथांत चित्रावर केवळ आकडे असत, आणि त्यांचा अर्थ दुसरीकडे शोधावा लागे. कार्टर ह्यांनी अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिले. मज्जातंतू जसा वळत जाई तसे त्याचे नावही त्याबरोबर वळत जाई. त्यामुळे दिव्याच्या उजेडात एकटा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासही, जणू गुरू जवळ बसून बोट दाखवीत आहे असे वाटे. इ. स. १८५८ साली हे पुस्तक ३६३ चित्रांसह प्रसिद्ध झाले. ते आजही नव्या नव्या आवृत्त्यांनी चालू आहे.

आता हे मज्जातंतू म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. मेंदूतून उजवीकडे व डावीकडे तंतूंच्या जोड्या निघतात, आणि कवटीच्या छिद्रांतून बाहेर पडून डोळे, कान, तोंड, मान व छातीपोटापर्यंत पोहोचतात. विलिस नावाच्या इंग्रज वैद्याने सतराव्या शतकात त्यांच्या नऊ जोड्या मोजल्या होत्या. झ्योमरिंग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने इ. स. १७७८ साली बारा मोजल्या, आणि आज बाराच मानतात. काही तंतू मेंदूकडे बातमी नेतात, काही मेंदूचा हुकूम स्नायूंस पोहोचवितात, आणि काही दोन्ही कामे करितात.

त्यांची परीक्षा करण्यास वैद्यास फारशी हत्यारे लागत नाहीत. पहिली जोडी वासाची. डोळे मिटवून एकेका नाकपुडीजवळ वेलदोडा किंवा कॉफीची पूड धरितात. नवसागरासारखा झोंबणारा पदार्थ घेत नाहीत, कारण झोंबणे हे पाचव्या तंतूचे काम आहे, वासाचे नव्हे. दुसरी जोडी दृष्टीची. एकेका डोळ्याने अक्षरे वाचवितात, आणि बाजूस हलणारे बोट दिसते की नाही हे विचारितात. तिसरी, चौथी व सहावी ह्या डोळा फिरविणाऱ्या. रोग्याने मान न हलविता वैद्याच्या बोटामागे नजर न्यावी. तिसरी जोडी पापणीही उचलिते, आणि उजेड पडताच डोळ्यातील बाहुली लहान करिते. पाचवी जोडी चेहऱ्याच्या स्पर्शाची. कपाळ, गाल व हनुवटी येथे कापसाचा बोळा लावून पाहतात. दात आवळून धरण्याचे बळही तिचेच. सातवी जोडी चेहरा हलविते. भुवया उचला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, एवढे सांगितले की ती कळते. आठवी ऐकण्याची व तोल सांभाळण्याची. कानाशी कुजबुजून ऐकण्याची परीक्षा होते. नववी व दहावी घशाच्या. तोंड उघडून आ म्हणविले असता टाळू दोन्हीकडे सारखी वर उचलली पाहिजे व पडजीभ मध्ये राहिली पाहिजे. दहावी पुढे हृदय व पोटापर्यंत जाते. अकरावीने खांदे उचलतात व मान वळते. बारावी जिभेची, ती दुबळी झाल्यास बाहेर काढलेली जीभ दुबळ्या बाजूकडे वळते.

चेहऱ्याच्या तंतूविषयी आणखी एक खूण वैद्य पाहतात. कपाळाच्या स्नायूंस मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. म्हणून मेंदूतच रक्त अडकून पक्षाघात झाला तर चेहऱ्याचा खालचा भाग ओघळतो, परंतु कपाळास आठ्या बहुधा घालता येतात. चेहऱ्याचा तंतूच बिघडला असेल तर कपाळही गुळगुळीत राहते व डोळा मिटत नाही. हा भेद करणे वैद्याचे काम आहे. आपले काम एवढेच की तोंड एकाएकी वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अस्पष्ट झाले तर घटकाभरही न थांबता रोग्यास मोठ्या रुग्णालयात न्यावे. मैंदर्गीकडील लोकांस अक्कलकोटावरून सोलापूर गाठता येते. तेथे डॉ. वैशंपायन ह्यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय इ. स. १९६३ पासून आहे.

परंतु चरित्राकडे वळू. पुस्तक बाहेर पडण्यापूर्वीच, इ. स. १८५८ च्या आरंभी, कार्टर सरकारी वैद्यकीय नोकरी पत्करून मुंबईस निघाले होते. इकडे लंडनात पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव आपल्या नावापेक्षा बारीक अक्षरांत घालावे असे ग्रे ह्यांनी सुचविले, व तसेच झाले. ग्रे ह्यांस विक्रीवर पैसा मिळत गेला; कार्टर ह्यांस एकदाच ठरलेली रक्कम मिळाली. इ. स. १८६१ साली ग्रे देवीच्या रोगाने अवघ्या चौतिसाव्या वर्षी वारले. पुस्तकास त्यांचेच नाव राहिले, आणि चितारी विस्मृतीत गेला.

मुंबईस कार्टर ह्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शरीरशास्त्र शिकविले आणि जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात काम केले. तेथे त्यांची गाठ अशा रोगाशी पडली की ज्याचे नाव घेताच घरचे दार बंद होई. त्यास तेव्हा महारोग म्हणत, आज आपण कुष्ठरोग म्हणतो. ज्या हातांनी लंडनात निरोगी तंतू रेखाटले त्याच हातांनी कार्टर ह्यांनी कुष्ठाने मेलेल्यांचे तंतू तपासले, आणि ते सुजून जाड झालेले असतात हे लिहून ठेविले. बधिर कातडी, वाकलेली बोटे, न मिटणारा डोळा ह्यांचा उगम त्या तंतूंतच होता.

इ. स. १८६३ पासून १८७२ पर्यंत ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तेथेही त्यांनी रोग्यांच्या नोंदी ठेविल्या, आणि शेतकऱ्यांच्या अनवाणी पायांस होणाऱ्या मदुरा पाय नावाच्या रोगाचाही शोध चालविला. त्यावर त्यांचा ग्रंथ इ. स. १८७४ साली निघाला. पुढे कुष्ठरोगाचा अभ्यास करण्यासाठी ते नॉर्वे देशी बर्गेन येथे गेले. तेथेच आर्माउर हॅन्सेन ह्यांनी इ. स. १८७३ साली ह्या रोगाचे जंतू पाहिले होते. रोग जंतूंमुळे होतो ही वार्ता घेऊन कार्टर हिंदुस्थानात परतले, आणि रोग्यांसाठी आश्रयस्थाने काढावी असा त्यांनी सरकारकडे आग्रह धरिला. रोग्यास वेगळे ठेवावे हे त्यांचे मत त्या काळी औषधच नव्हते म्हणून होते. आज औषध असल्यामुळे त्याची गरज राहिलेली नाही.

इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सोलापूर व दख्खनचे इतर जिल्हे होरपळले, आणि भुकेले लोक मुंबईच्या वाटेस लागले. त्यांच्यात उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर ह्यांनी इ. स. १८७७ साली त्या रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि इ. स. १८८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. हे काम करिताना त्यांस स्वतःस तो ताप जडला, तरी ते काम त्यांनी सोडिले नाही. ग्रँट महाविद्यालयाचे मुख्यत्वही त्यांनी काही काळ सांभाळिले. इ. स. १८८८ साली ते सेवेतून निवृत्त झाले, आणि ४ मे १८९७ रोजी इंग्लंडातील स्कारबरो येथे क्षयाने निवर्तले.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? कार्टर ह्यांच्या हाती कुष्ठाचे औषध नव्हते. ते केवळ पाहू शकत होते, आणि जे पाहिले ते खरे लिहू शकत होते. आज औषध आहे. इ. स. १९८२ पासून अनेक औषधे मिळून देण्याची उपचारपद्धती सुरू झाली. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिन्यांत तो बरा होतो, आणि सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. औषध सुरू होताच रोग्यापासून इतरांस भय राहत नाही. तरी उशीर झाला तर तंतू मरतात, आणि मेलेला तंतू कोणतेही औषध परत आणीत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत हा उशीर फार महाग पडतो. सातवा तंतू बिघडला म्हणजे पापणी पुरती मिटत नाही. पाचवा बिघडला म्हणजे बुबुळावर कचरा पडला तरी रोग्यास कळत नाही. मग शेतातील धूळ, चुलीचा धूर व भुसा डोळ्यात जातो, जखम होते, आणि वेदना नसल्यामुळे रोगी स्वस्थ बसतो. अशा रीतीने दृष्टी जाते. तंतू बिघडून सहा महिने होण्याच्या आत योग्य उपचार मिळाले तर तो पुष्कळदा अंशतः किंवा पुरता सुधारतो.

म्हणून घरोघर फिरणाऱ्या आमच्या कॅटेकिस्ट बंधूंस व बायबल स्त्रियांस आमची विनंती आहे की कोणाच्या चेहऱ्यावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर त्यास प्रेमाने म्हणावे, दादा, किंवा अक्का, जरा हलकेच डोळे मिटा पाहू. झोपेत मिटतात तसे हलके मिटल्यावर पापण्यांत फट राहिली, किंवा एक डोळा दुसऱ्यापेक्षा कमी लवला, तर त्याच आठवड्यात त्यास आरोग्य केंद्रात सोबत न्यावे. बुबुळास स्वतः हात किंवा कापूस लावू नये. ते वैद्याने करावे. ज्याचा डोळा उघडा राहतो त्याने पाहण्याची सवय लावून वारंवार पापण्या मिटाव्या, दररोज आरशात डोळा तपासावा, आणि झोपताना स्वच्छ कापडाने डोळे झाकावे.

आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या इ. स. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे विवाह मोडण्याचे एक कारण होते. ते कारण इ. स. २०१९ साली काढून टाकण्यात आले. कायद्याने दार उघडले आहे. आमच्या मंडळ्यांनी तरी ते पुन्हा लावू नये. ज्याचा चेहरा हलत नाही त्याच्या मनात हसू नाही असे नव्हे; ते चेहऱ्यापर्यंत पोहोचविणारा तंतू तेवढा तुटला आहे. प्रभूने अशा रोग्यास हात लावून जवळ केले. त्या रोग्याच्या शेजारी बसणे आणि त्यास वेळेवर वैद्याकडे पोहोचविणे हे काम आपल्यापैकी प्रत्येकास करिता येण्यासारखे आहे.