मोडलेल्या पाठीच्या माणसांना मैदानात उतरवणारा डॉक्टर : कोण होते लुडविग गुटमन?

मुरलीकांत पेटकर हे नाव ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमामुळे घराघरांत पोहोचलं. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात जखमी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. पण अपंगत्व आलेल्या सैनिकांसाठी अशी स्पर्धा असावी, हे मुळात सुचलं कुणाला?

त्याचं उत्तर आहे डॉ. लुडविग गुटमन.

खाणकामगाराचा मृत्यू

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा, एका ज्यू कुटुंबातला. त्यांचं गाव टोस्ट तेव्हा जर्मनीत होतं, आज ते पोलंडमध्ये आहे. १९१७ साली ते एका रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम करत होते. तिथे पाठीचा कणा मोडलेला एक तरुण खाणकामगार आला. त्याच्यावर फार वेळ घालवू नका, तो वाचणार नाही, असं वरिष्ठांचं मत होतं. झालंही तसंच, काही आठवड्यांतच तो गेला. गुटमन मात्र त्याला कधीच विसरले नाहीत.

पुढे ते डॉक्टर झाले आणि ब्रेसलाऊमध्ये मेंदू आणि मज्जासंस्थेचे नामांकित तज्ज्ञ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना नोकरीवरून काढण्यात आलं. गुटमन मग शहरातल्या ज्यू रुग्णालयात रुजू झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर देशभर हल्ले झाले. त्या रात्री त्यांनी दाराशी येईल त्याला दाखल करून घ्यायचे आदेश दिले. दुसऱ्या दिवशी गेस्टापो चौकशीला आली, तेव्हा प्रत्येकाला काही ना काही आजार असल्याचं त्यांनी पटवून दिलं. ६४ पैकी ६० जण अटकेतून वाचले. मार्च १९३९ मध्ये ते स्वतः पत्नी आणि दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचले.

दर दोन तासांनी कूस बदला

१ फेब्रुवारी १९४४ रोजी ब्रिटनमध्ये स्टोक मँडेविल रुग्णालयात मणक्याच्या दुखापतींसाठी वेगळं केंद्र सुरू झालं आणि त्याची जबाबदारी गुटमन यांच्याकडे आली. तेव्हा असे रुग्ण दगावायचे ते प्रामुख्याने दोन कारणांनी. एक, सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि दुसरं, मूत्रमार्गाचा संसर्ग. गुटमन यांनी नियम घालून दिला की दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवस असो वा रात्र. तो पाळला जातोय का, हे बघायला ते स्वतः रात्री वॉर्डात फिरायचे.

रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न आला, जगून करायचं काय?

सगळा भार हातांवर

पाय गेले की माणसाचे हातच त्याचे पाय होतात. व्हीलचेअरच्या मोठ्या चाकाला बाहेरून एक गोल कडी असते, तिला हँडरिम म्हणतात. ती पकडायची, पुढे ढकलायची, सोडायची आणि पुन्हा मागून पकडायची. दिसायला सोपं आहे, पण खर्च होणाऱ्या ताकदीचा फार थोडा भाग प्रत्यक्ष पुढे जाण्यात कामी येतो.

यात कडीचा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो. गुळगुळीत धातूची कडी पावसात किंवा घामाने निसटते. मग ती घट्ट आवळावी लागते, आणि आवळण्यात गेलेली ताकद चाक फिरवत नाही. कडीवर रबर किंवा विनाइलचं आवरण असेल तर पकड चांगली बसते, पण उतारावर हाताने वेग रोखताना तेच आवरण तळहात भाजून काढतं. हातमोजे दोन्हीकडे उपयोगी पडतात. पकड वाढते आणि कातडी वाचते. मानेजवळ दुखापत झालेल्यांना तर हाताची बोटं नीट मिटता येत नाहीत. त्यातल्या अनेकांना तळहातावर फोड आलाय हे जाणवतही नाही. त्यांच्यासाठी मोजे ही चैन नाही, गरज आहे.

कडी आणि मोजे कितीही चांगले असले तरी खांद्यात बळ हवंच. गुटमन यांनी ते आणायला खेळ निवडला. रुग्ण व्हीलचेअरवर बसून उलट्या काठ्यांनी पोलोसारखा खेळ खेळायचे. तो फारच धसमुसळा होऊ लागला, म्हणून त्याच्या जागी नेटबॉल आला. धनुर्विद्येने खांदे, दंड आणि पाठ मजबूत व्हायची. शिवाय त्यात बसलेला माणूस उभ्या माणसाशी बरोबरीने लढू शकत होता.

१६ जणांपासून सुरुवात

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं. नेमक्या त्याच दिवशी गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. खेळाडू होते १६, त्यात २ महिला. १९५२ मध्ये नेदरलँड्सचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. तीच आज पहिली पॅरालिम्पिक मानली जाते. १९६४ मध्ये टोकियोत व्हीलचेअरची ६० मीटर शर्यतही झाली. ज्या हातांनी वॉर्डात खुर्ची ढकलायला शिकायचं, तेच हात आता पदकासाठी चाकं फिरवत होते.

गुटमन यांना १९६६ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी ते केंद्रातून निवृत्त झाले, पण स्पर्धांचं काम सोडलं नाही. १८ मार्च १९८० रोजी त्यांचं निधन झालं.

आज शर्यतीच्या व्हीलचेअर तीन चाकी आणि हलक्या असतात. त्यांच्या कड्या लहान आणि रबर लावलेल्या असतात, आणि खेळाडू कडक मोजे घालून त्यांवर जवळजवळ ठोसे मारत वेग घेतात. मोडलेल्या पाठीचा माणूस फक्त मरणाची वाट बघतो, असं मानणाऱ्या डॉक्टरांच्या काळात गुटमन यांनी हे काम सुरू केलं होतं.