पंडिता रमाबाई : प्रश्न विचारत चर्चमध्ये राहिलेली विदुषी

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या धामापूरच्या तळ्याकाठी भगवतीचं देऊळ आहे. उत्सवाला सगळा गाव तिथे जमतो. कुणी मनापासून हात जोडतो, कुणी घरच्यांबरोबर येतो, तर कुणाच्या मनात देव खरंच आहे का, हा प्रश्नही असतो. मालवणच्या चर्चमध्ये रविवारी जमणाऱ्या माणसांचंही असंच असेल. देव आहे की नाही हे आपल्याला ठामपणे कळू शकत नाही, असं मानणाऱ्याला अज्ञेयवादी म्हणतात. मग मनात शंका असताना प्रार्थनेला बसणं हा खोटेपणा आहे का? हा प्रश्न समजून घ्यायला पंडिता रमाबाईंचं चरित्र उपयोगी पडतं. रमाबाई अज्ञेयवादी नव्हत्या, त्या देव मानत. पण जे पटलं नाही ते पटलं असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसाने संस्कृत शिकू नये असा तो काळ, तरी त्यांनी बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरत, देवळांत पुराण सांगत जगायचं. पुढे मोठा दुष्काळ पडला. जवळचं होतं नव्हतं ते देवकार्यात आणि दानधर्मात संपलं होतं. 1874 मध्ये आधी वडील आणि थोड्याच दिवसांत आई गेली, मग बहीणही गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी देशभर पायी फिरले. इतकी व्रतं, इतके नवस करूनही काही हाती आलं नाही, हे पाहून दोघांचाही जुन्या समजुतींवरचा विश्वास उडाला.

1878 मध्ये ते कलकत्त्याला पोचले. रमाबाईंचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलांशी लग्न केलं. लग्न नोंदणी पद्धतीचं होतं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे टीका खूप झाली. 1882 मध्ये पटकीने पती गेले. पदरात मनोरमा ही लहान मुलगी. त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगासमोर साक्ष देताना स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली.

1883 मध्ये त्या शिकायला इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि 29 सप्टेंबरला मुलीसह बाप्तिस्मा घेतला. टाकलेल्या, फसलेल्या स्त्रियांना तिथे मायेने सांभाळतात, हे पाहून त्यांचं मन ओढलं गेलं होतं. पण खरी गोष्ट इथूनच पुढे सुरू होते. आता ही मुकाट्याने सगळं मान्य करील, असं मठातल्या लोकांना वाटलं. रमाबाईंनी मात्र प्रश्नच प्रश्न विचारले. पवित्र त्रैक्य म्हणजे नेमकं काय? येशूचा जन्म चमत्काराने झाला असं मानलंच पाहिजे का? धर्मगुरूचा शब्द अखेरचा का? पुरुषांना त्यांनी शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या चांगल्याच संतापल्या. सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्विष्ठपणा वाटला. दोघींमध्ये लांबलचक पत्रं झाली. एवढं होऊनही रमाबाईंनी उपासना सोडली नाही, आणि प्रश्नही सोडले नाहीत.

तिकडे चर्चवाल्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटेनात, आणि इकडे आपल्या लोकांना त्या धर्म बुडवणाऱ्या वाटल्या. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. तिथे कुणावर धर्म लादायचा नाही असं ठरलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून वादळ उठलं आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. मुलींच्या घरच्यांचा धाक खरा होता, हेही आपण समजून घ्यायला हवं. अनेक मुली काढून नेल्या गेल्या.

विशेष म्हणजे बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना आतून खात्री वाटली. आपण आधी फक्त धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. म्हणजे आठ वर्षं त्या अपुऱ्या विश्वासानिशी चर्चमध्ये वावरल्या. लाज वाटून त्यांनी हे लपवलं नाही.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या आणि दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं केलं. तिथे शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली जायची. अडाणी बायकांनाही कळावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ते हातावेगळं करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

मुलांनो, रमाबाईंना शेवटी श्रद्धा गवसली. प्रत्येकाला ती गवसेलच असं नाही. पण मला अजून कळलेलं नाही, असं प्रामाणिकपणे सांगणारा माणूस खोटा नसतो. देवळात किंवा चर्चमध्ये आपल्या शेजारी असा कुणी बसला असेल, तर त्याला उठवू नका. आणि तो तुम्हीच असाल, तर प्रश्न विचारायला घाबरू नका.