राणीछाप रुपयावरची राणी म्हातारी का झाली नाही?

लक्ष्मीपूजनाच्या ताटात मांडला जाणारा जुना 'राणीछाप' म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया. राणीचा जन्म 24 मे 1819 चा. 1837 मध्ये, अवघ्या 18 व्या वर्षी ती ब्रिटनच्या गादीवर बसली. 1840 च्या रुपयावर ती केस बांधलेली, बिनमुकुटाची तरुणी दिसते.

1861 मध्ये पती अल्बर्ट वारला. 42 व्या वर्षी विधवा झालेल्या राणीने पुढे आयुष्यभर काळा पोशाखच घातला. रुपयावर मात्र 1862 पासून ती मुकुट, दागिन्यांनी नटली.

इंग्लंडच्या चांदीच्या नाण्यांवर 1887 आणि 1893 मध्ये चेहरा बदलला, वय दिसू लागले. मुंबई आणि कोलकात्याच्या टांकसाळींतल्या रुपयावर तोच तरुण चेहरा शेवटपर्यंत राहिला. बदलला फक्त किताब : 1877 पासून 'क्वीन'ऐवजी 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी.

राणी भारतात कधीच आली नाही. 22 जानेवारी 1901 रोजी तिचे निधन झाले. इथल्या रयतेच्या हाती पडली ती नाण्यावरची राणीच. म्हणून 11.66 ग्रॅमचा हा रुपया मोडीत घालण्याआधी त्यावरचा किताब आणि साल वाचा. मोडीत फक्त चांदीचा भाव मिळतो, इतिहासाचा नाही.