बाबासाहेबांचे अर्ज

आपल्या शाळेच्या सभागृहात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमेखाली त्यांच्या पदव्यांची नामावली लिहिलेली असते. लहानग्या विद्यार्थ्यालाही ती मुखोद्गत असते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर-ॲट-लॉ. ही नामावली उच्चारताना आपला ऊर अभिमानाने भरून येतो. परंतु यांतील प्रत्येक पदवीच्या मागे एक अर्ज होता, एखादे शिफारसपत्र होते, भरायचे शुल्क होते आणि पाळायची मुदत होती, याचा विचार आपण क्वचितच करतो. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला बाबासाहेबांच्या चरित्राची ही कागदपत्रांची बाजू नेहमी खुणावत आली आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने ती वाचकांसमोर मांडीत आहे.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगी गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असता सुभेदार रामजींची आर्थिक ओढाताण होऊ लागली, तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. गुणवत्ता भीमरावांची होती. पण ती योग्य ठिकाणी सांगणारा एक माणूस उभा राहावा लागला. शिफारस म्हणजे भीक नव्हे, ही या प्रसंगाची पहिली शिकवण होय.

१९१३ च्या जानेवारीत पदवीधर भीमराव बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत, २ फेब्रुवारीस, पितृछत्र हरपले. त्या दुःखातून सावरतात न सावरतात तोच एक संधी समोर आली. महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठविणार होते. भीमरावांनी महाराजांची भेट घेतली, शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारनाम्यावर सही केली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते, आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची सेवा करायची होती. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पित्याच्या मृत्यूला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

कोलंबियात त्यांनी १९१५ साली एम. ए. पूर्ण केले आणि डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. तेथील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचा या विद्यार्थ्यावर लोभ जडला. १९१६ साली भीमराव लंडनला निघाले, तेव्हा सेलिग्मन यांचे सिडनी वेब यांच्या नावे असलेले परिचयपत्र त्यांच्याजवळ होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव नोंदविले. शुल्क होते दहा पौंड दहा शिलिंग. त्याच सुमारास, बॅरिस्टर होण्यासाठी, त्यांनी ग्रेज इनमध्येही प्रवेश घेतला.

परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. येथे त्यांनी जे केले ते प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मन मारून बोटीत बसण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाची रीतसर परवानगी मिळविली, की चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे चालू करता यावा. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यासाठी शिफारस केली होती. परतीच्या वेळी त्यांचे सामान ज्या बोटीवर होते, ती महायुद्धातील पाणतीराने बुडाली. सामान समुद्रात गेले. पण विद्यापीठाची परवानगी कायम होती.

बडोद्यातील अपमानाची कहाणी आपणा सर्वांना ठाऊक आहे. राहायला जागा नाही, कचेरीत शिपाईही फायली लांबून टाकतात, अशा अवस्थेत ती नोकरी सुटली. १९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हाती पगार येऊ लागला, तरी लंडनच्या परवानगीची मुदत त्यांच्या नजरेआड झाली नाही. काटकसर करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी दीड हजार रुपयांचे साहाय्य केले, स्नेही नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले आणि १९२० साली, मुदत सरण्यापूर्वी, ते पुन्हा लंडनला पोहोचले. मागे मुंबईच्या चाळीत माता रमाईंनी जो संसार रेटला, तोही या अर्जाचाच न लिहिलेला भाग होता.

आणि आता एक असा प्रसंग, जो आपल्या भाषणांतून कधी सांगितला जात नाही. एप्रिल १९२१ मध्ये उन्हाळी परीक्षेचा अर्ज बाबासाहेबांकडून वेळेत गेला नाही. एवढा मोठा ग्रंथप्रेमी, एवढा शिस्तीचा माणूस, आणि फॉर्म राहून गेला! संस्थेच्या सचिव श्रीमती मेअर यांना विद्यापीठाकडे पत्र लिहून उशिरा अर्ज स्वीकारण्याची परवानगी मागावी लागली. पुढे तो अर्ज गेला आणि त्याच वर्षी बाबासाहेब एम. एस्सी. झाले. महामानवाच्या थोरवीला या घटनेने तसूभरही उणेपणा येत नाही. उलट, मुदत कोणाचीही चुकू शकते आणि चुकली तर तोंड लपवून बसायचे नसते, हे यातून कळते.

१९२२ साली ते बॅरिस्टर झाले. लंडनमधील याच काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदविले होते. त्यासाठी स्वतःचा परिचय जर्मन भाषेत, स्वहस्ते लिहून दिला होता. तेथे शिक्षण मात्र होऊ शकले नाही आणि ती नोंदणी रद्द झाली. प्रत्येक अर्ज फळाला येतोच असे नाही, हेही या चरित्रात आहे.

सर्वांत कठीण परीक्षा पुढेच होती. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी आहे त्या स्वरूपात स्वीकारला नाही. जवळचे पैसे संपले होते. एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले. एखाद्याने प्रबंध पेटीत टाकून वकिलीला सुरुवात केली असती. बाबासाहेबांनी तो पुन्हा उघडला, दुरुस्त केला आणि ऑगस्टमध्ये फेरसादर केला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. ग्रंथरूपाने प्रसिद्ध होताना प्राध्यापक कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, सर्व मते पटली नसतानाही. बाबासाहेबांनी तो ग्रंथ आपल्या दिवंगत माता-पित्यांच्या स्मृतीला अर्पण केला. कोलंबियाची पीएच. डी.ही प्रबंधाच्या छापील प्रती सादर झाल्यानंतर १९२७ साली रीतसर प्रदान झाली. १९१३ साली सुरू झालेले काम चौदा वर्षांनी पूर्णत्वास गेले.

स्वतः या वाटेने गेलेल्या माणसाने पुढे इतरांसाठी वाट बांधली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दलित विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी सरकारकडे आग्रह धरला. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. त्यातून मुंबईचे सिद्धार्थ व औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. लंडनला जाताना ज्या शाहू महाराजांनी हात दिला, त्यांच्याच नावाने आज महाराष्ट्र शासनाची परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलामुलींसाठी आहे.

तरीही दरवर्षी मी पाहतो, गुण पुरेसे असतात, अर्ज मात्र अपुरा राहतो. जात वैधता प्रमाणपत्र शेवटच्या आठवड्यात आठवते. उत्पन्नाचा दाखला जुना निघतो. आपण का शिकू इच्छितो हे सांगणारे पानभर निवेदन आदल्या रात्री, दुसऱ्याचे पाहून लिहिले जाते. शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायला संकोच वाटतो, आणि एक नकार आला की घरी सांगायचीही लाज वाटते. पहिल्या पिढीच्या मुलाला हे शिकविणार कोण? ज्या घरात कोणी असा अर्ज भरलेलाच नाही, तेथे हे ज्ञान वारशाने येत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. शाळेला देणगी अवश्य द्या. पण वर्षातून एका मुलाचा किंवा मुलीचा अर्ज मांडीवर घेऊन शेवटच्या रकान्यापर्यंत वाचा, चुका दाखवा, मुदतीची आठवण द्या. केळुसकर गुरुजींनी एवढेच केले होते. पालकांनी दाखल्यांची फाईल दहावीपासूनच तयार ठेवावी. आणि विद्यार्थ्यांनी, परत आलेला कागद पाहून डोळ्यांत पाणी येईल तेव्हा, मार्चमध्ये परत आलेला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा पाठविलेला तो प्रबंध आठवावा.

नमो बुद्धाय! जय भीम!