शाखा बदलावी का? रमाबाई रानडे यांच्या जीवनातून



बारावीनंतर एक शाखा निवडली आणि वर्ष-दोन वर्षांनी मन दुसरीकडे ओढ घेऊ लागले तर काय करायचे, हा प्रश्न आमच्यासमोर वरचेवर येतो. अलीकडेच रविवारच्या मिस्सानंतर बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आईला घेऊन भेटायला आली. आजीच्या आजारपणात महिनाभर रुग्णालयात राहिल्यापासून तिला नर्सिंग करावेसे वाटते. वडिलांचा विरोध आहे. दोन वर्षांची फी वाया जाईल, आणि रात्रपाळी करून परक्यांची घाण काढण्याचे काम आपल्या मुलीने का करावे, असे त्यांचे म्हणणे. आम्ही लगेच हो किंवा नाही म्हटले नाही. मात्र याच पुण्यातील एका स्त्रीची आम्हाला आठवण झाली. त्या म्हणजे रमाबाई रानडे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आज सांगली जिल्ह्यात असलेल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. तेव्हा न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे, पहिली पत्नी वारलेली. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते, त्यामुळे त्यांनी एखाद्या विधवेशी विवाह करावा अशी सुधारक मित्रांची अपेक्षा होती. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले. लग्न होऊन आली तेव्हा या मुलीला अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी तिला स्वतः शिकवायला सुरुवात केली.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे पसंत नव्हते. पुढे इंग्रजी शिकवायला मिशनच्या बाई येऊ लागल्या, तेव्हा तर विरोध आणखी वाढला. ख्रिस्ती बाईंजवळ बसून शिकल्यावर रमाबाईंनी स्नान केल्याशिवाय घरात वावरू नये, असा दंडक होता. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही. त्या स्नान करीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धड्याला बसत. शिवण्या-न शिवण्याचा हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे विधवेने कोपऱ्यात बसून उरलेले आयुष्य काढायचे. काही काळ त्या घराबाहेर पडल्याही नाहीत. मग मात्र त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. रुग्णालयांत फळे, फुले, पुस्तके घेऊन रुग्णांच्या खाटांजवळ बसू लागल्या.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन स्थापन केले. त्याच्या अध्यक्षपदी रमाबाई होत्या. १९०९ साली त्यांनी पुण्यात, आपल्याच वाड्यात, सेवासदनाचे काम सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबतीला होते. लिहिणे-वाचणे, शिवणकाम, शिक्षिकेचे शिक्षण आणि ससून रुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण असे हे काम वाढत गेले. शिकायला येणाऱ्यांत पुष्कळ तरुण विधवा होत्या.

यांतले सर्वांत अवघड काम नर्सिंगचेच होते. तेव्हा परिचारिका म्हणजे बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन नाहीतर आपल्या ख्रिस्ती घरांतील स्त्रिया. सोवळ्यात वाढलेल्या विधवेने परजातीच्या, परपुरुषाच्या शरीराला हात लावायचा, जखमा धुवायच्या, रात्री घराबाहेर राहायचे, ही गोष्ट लोकांना सहन होण्यासारखी नव्हती. ख्रिस्ती बाईंचा स्पर्श झाला म्हणून जिला स्नान करावे लागे, त्याच स्त्रीने आपल्या मुलींना रुग्णाला हात लावायला पाठवले. न्यायमूर्तींच्या पत्नीचा त्यांना पाठिंबा आहे, ही गोष्ट त्या मुलींच्या फार कामी आली असावी.

रमाबाई १९१३ साली दुष्काळग्रस्तांसाठी गुजरात-काठेवाडला गेल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविकांना घेऊन त्यांनी यात्रेकरू स्त्रियांची सेवा केली. मुलींचे सक्तीचे शिक्षण आणि स्त्रियांचा मताधिकार यांसाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. रमाबाईंच्या जीवनातून आम्हाला दोन गोष्टी दिसतात. पहिली, आधी शिकलेले वाया जात नाही. पतीजवळ शिकलेली भाषा, हिशेब, सभेत बोलणे, हे सर्व पुढे संस्था चालवताना उपयोगी पडले. बी.कॉम.ची दोन वर्षेही तशीच. दुसरी, संस्था नंतर आली, रुग्णाची खाट आधी. म्हणून केवळ मनाच्या भरात निर्णय घेऊ नये. आपल्या आजीची सेवा प्रेमाने होते. अनोळखी, चिडचिड्या रुग्णाची होते का, हे एखाद्या रुग्णालयात काही दिवस जाऊन पाहावे. तिथून पळून जावेसे वाटले तर तोही प्रामाणिक कौल समजावा. सर्वांना एकच पाचारण नसते.

नियमही नीट पाहावेत. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते. तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला मात्र कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. मुलग्यांनीही मागे राहू नये. परिचारकांचे आश्रयदाते संत कॅमिलस हे आधी शिपाईगडी होते.

पालकांना आम्ही एवढेच विनवतो. रमाबाईंच्या घरातील बायका दुष्ट नव्हत्या. त्यांना घराच्या अब्रूची भीती वाटत होती. आपल्यालाही तशीच भीती वाटते. पण आपण आजारी पडतो तेव्हा रात्री तीन वाजता उशाशी कोणाची तरी मुलगी उभी असते. तिचे काम आपल्याला हलके वाटत नाही. मग तेच काम आपल्या मुलीने केले तर ते हलके कसे होईल? दयाळू शोमरोन्यानेही जखमांना हात लावला होता. त्याच्या आधी दोघे जण अंतर राखून निघून गेले होते, हे आपण दरवर्षी ऐकतो.

परीक्षेनंतर त्या मुलीने पंधरा दिवस एका रुग्णालयात मदतीला जावे आणि मग वडिलांना घेऊन पुन्हा यावे, असे ठरले आहे. तिच्यासाठी, तिच्या वडिलांसाठी आणि आपल्या धर्मग्रामातील सर्व परिचारिकांसाठी या आठवड्यात प्रार्थना करावी.

आपले धर्मगुरू